एक सैल, एक घट्ट

बोरिवली पूर्व
२९ जून २०२५

सहदेवा,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि सुलक्षणाच्या फोनवर लेखी निरोप पाठवला तर तो आधी ती वाचते. बापाचा निरोप लेकीने आधी वाचू नये असं माझं मत आहे, म्हणून हे पोस्टाने. डेपोच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर ठोकाठोक करून तू कान घालवलेस आणि आता म्हातारपणी मला शाळेतल्यासारखं कागद-पेन घेऊन बसावं लागतंय.

काम असं आहे. हर्षदच्या गाडीचा वायपर बिघडलाय. तीच ती बॅटरीवर चालणारी पांढरी गाडी, तुला फोटो दाखवला होता. हिला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे बाकीचे सगळे आवाज ऐकू येतात. पाऊस लागल्यापासून काचेच्या खाली 'खट्' असं वाजतं. ड्रायव्हरच्या बाजूचं पातं काच पुसून थांबत नाही, पुढे जाऊन शेजारच्या खांबावर आपटतं. आपल्या बसगाड्यांत असे आवाज कोणी मोजलेही नसते. इथे मात्र गाडीत भूत शिरल्यासारखी सगळ्यांची तोंडं होतात.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, सुटा भाग मिळत नाही. मोटर, पात्यांना ओढणाऱ्या लिंका, सांगाडा सगळं एकदम बदलायचं, आणि तो माल यायचाय. कधी येणार विचारलं तर "सर, अपडेट देतो." तोपर्यंत आमच्या चिरंजीवांचं फर्मान निघालंय: "बाबा, वायपर होईपर्यंत तुम्ही गाडी चालवायची नाही." तो स्वतः चालवतो. सूनबाई दर्शना रोज अंधेरीला ऑफिसला घेऊन जाते. त्या दोघांना तोच वायपर चालतो, मला तेवढा चालत नाही. पाऊस नसेल त्या दिवशी नेऊ का विचारलं, तर म्हणाला पावसाचा भरवसा नाही. गाडीची चावी त्याच्या फोनमध्ये. एक कार्ड होतं, ते आता सापडत नाही म्हणे.

गणपतीला मी स्वतः गाडी चालवत कणकवलीला येणार, हे आपलं ठरलेलं आहे. निवृत्त झाल्यापासून दर वर्षी मी गाठोड्यासारखा कुणाच्या तरी मागच्या सीटवर येतो. या वर्षी तुझ्या अंगणात गाडी मी उभी करणार. मे महिन्यात गोरेगावच्या सिग्नलला मला जरा घेरी आली होती, तेव्हापासून दोघं जास्तच जपतात. उन्हाची घेरी होती, पाणी प्यालो, संपलं. तो विषय नाही.

विषय वायपर आहे. वायपर टेबलावर आपण समोरासमोर बसायचो, मी मोटरवाला आणि तू लिंकवाला. मोटरचं दुखणं असतं तर तुला विचारायला आलो नसतो. हे तुझ्या बाजूचं वाटतंय. कुठून सुरुवात करू?

धाकू


कणकवली
६ जुलै

धाकू,

पोस्टमन पडवीत उभा राहून म्हणाला, "मुंबयचा पत्र इला, काका. कोणाक काय झाला की काय?" हल्ली पत्र आलं की लोकांना आधी वाईटच सुचतं. मी म्हटलं, वायपर बिघडलाय. तो माझ्याकडे बघतच राहिला.

कंपनीवाल्याची वाट बघू नकोस. सगळा सांगाडा बदलायला सांगणं म्हणजे सदऱ्याचं बटण तुटलं की सदरा बदला असं झालं. आधी एक साधी परीक्षा कर. गाडी बंद असताना दोन्ही वायपर एकेक करून हाताने हलवून बघ, जोर न लावता. एक सैल आणि एक घट्ट लागला, तर सैल बाजूच्या लिंकच्या सांध्यातला बुश झिजलाय. दोन्ही सैल लागले, तर मोटरचा गिअर खलास आहे. हे मी तुला शेकडो वेळा सांगितलं असेल, पण मोटरवाल्यांच्या डोक्यात लिंकचं काही राहत नाही.

बुश असेल तर काम सोपं आहे. खोलण्याआधी बटणाने वायपर काचेच्या तळाशी, त्याच्या घरी, येऊ दे, मगच तार काढ. आपल्याकडे नवीन पोरं वायपर अर्ध्यावर असताना खोलायची आणि नंतर पातं आभाळाकडे बोट दाखवत उभं राहायचं, आठवतं ना? तेव्हा आधी घरी बसव. तुला घरी बसणं जमत नाही, वायपरला तरी जमू दे. काचेवर पात्याच्या जागी चिकटपट्टी लावून खूण कर. बारा व्होल्टची बॅटरी आधी सोडायची, हे तुला सांगायला नको.

गाडी आत यावी म्हणून मी पायरीकडची जास्वंद छाटलीये. सुलक्षणा रागावली, फुलावर होती. चार्जिंगला पंपाचा पॉइंट चालेल असं वायरमन म्हणतो. शेजारचा बाळा रोज विचारतो, "ती गाडी खरीच आवाज करणा नाय?" मी म्हणतो, गाडी करत नाही, चालवणारा करतो.

सहदेव


बोरिवली पूर्व
१३ जुलै

सहदेवा,

एक सैल, एक घट्ट. ड्रायव्हरच्या बाजूचा हलत्या दातासारखा डुगडुगतो, शेजारचा जागचा हलत नाही. तुझी परीक्षा पास.

हर्षद काल त्याच्या मित्राकडे मुलुंडला गेला होता. मी दर्शनाला म्हटलं, मला गाडी चालवायची नाही, फक्त उघडायची आहे. तिने थोडा विचार केला आणि कपाटातून ते न सापडणारं कार्ड आणून दिलं. मग छत्री घेऊन शेजारी उभी राहिली, पार्किंगमध्ये वरून पाइप गळतो म्हणून. वायपर घरी आणला, खुणा केल्या, बॅटरी सोडली, काचेखालचं प्लास्टिक काढलं. आत बघितलं तर सगळं आपलंच रे. मोटर, दोन लिंका, चार गोळे, चार वाट्या. गाडीत कॉम्प्युटर बसवला, पण काच पुसायला अजून आपलीच जुनी यंत्रणा आहे. मला फार बरं वाटलं.

एका वाटीतला प्लास्टिकचा बुश लंबगोल झालाय, बोट घातलं तरी कळतं. बाकीचे तीन ठीक आहेत. मी अंधेरीला एमआयडीसीत चंद्रप्रकाशच्या लेथवर जाऊन नायलॉनच्या कांडीतून नवा करून घेतो. तो चंद्रप्रकाश, आपल्या डेपोला पूर्वी पिना पुरवायचा तो. आता विमानाचे भाग करतो म्हणून कॉलर ताठ आहे, पण मला नाही म्हणणार नाही.

आता खरा प्रश्न, आणि हे तुझं खातं. बुश गोळ्यावर किती ढिला ठेवायचा? पितळेचं मला माहीत आहे. नायलॉनचं काम तूच करायचास आणि तेव्हा कोणाला हात लावू द्यायचा नाहीस. नीट लिही, मी थांबतो. तोपर्यंत जुनाच परत घालून ठेवलाय.

जाताना दर्शना म्हणाली, "बाबा, घाई नाही हो, सावकाश करा. नाही झालं तरी चालेल." सून चांगली मिळाली, माझ्या पाठीची काळजी करते.

धाकू


कणकवली
२३ जुलै

प्रिय धाकू,

पत्र मिळालं. इकडे पाऊस चांगला आहे. लावणी आटोपली. माझी तब्येत ठीक.

तुझ्या वायपरबद्दल विचार केला. मला वाटतं मोटरचा गिअर गेला असावा. तसं असेल तर बुश बदलून काही उपयोग नाही, उगाच खटाटोप होईल. या नव्या गाड्यांचं आपल्याला कळत नाही, त्यांचं सगळं वेगळं असतं. कंपनीचा माल येईपर्यंत थांबावं हे उत्तम. हर्षद म्हणतो त्यात तथ्य आहे.

गणपतीला रेल्वेने किंवा हर्षदबरोबर आलास तरी चालेल. नाही जमलं तरी राग नाही. प्रवासाची दगदग या वयात कशाला?

काळजी घे.

तुझा,
सहदेव


बोरिवली पूर्व
३० जुलै

सहदेवा,

तुझं पत्र वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं.

दोन्ही सैल असतील तर गिअर, एक सैल असेल तर बुश. हे तू लिहिलंस. एक सैल आहे, हे मी लिहिलं. बुश बोटाला लंबगोल लागतो, हेही लिहिलं. त्यावर तू मला गिअर सांगतोस? 'नव्या गाड्यांचं आपल्याला कळत नाही' हे वाक्य तर मी तुझ्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. परदेशी बस पहिल्यांदा आली, तिचं पुस्तक जर्मन भाषेत होतं, तेव्हासुद्धा तू म्हणाला होतास, लिंकला भाषा नसते. आणि 'काळजी घे'? आपण कधीपासून एकमेकांना काळजी घे म्हणायला लागलो?

एक तर तुझं डोकं चालेनासं झालंय, किंवा हर्षदने सुलक्षणाला फोन केलाय. मला दुसरं वाटतं. पहिलं असतं तर अक्षर बिघडलं असतं.

ढिलाईचं उत्तर तू दिलं नाहीस. मीच अंदाजाने केलं. चंद्रप्रकाश म्हणाला घट्ट ठेवू, नाहीतर परत वाजेल. मलाही पटलं. काल बसवला. 'खट्' गेला. पातं काचेच्या कडेला येऊन शिस्तीत थांबतं. दर्शना बघायला खाली आली होती, "झकास, बाबा" म्हणाली आणि लगेच वर निघून गेली. हर्षदला मी अजून सांगितलेलं नाही. येत्या रविवारी त्याला खाली नेऊन दाखवणार आहे. मग बघू तो पुढचं काय कारण काढतो ते.

म्हणजे मी काही दूधखुळा नाही. वायपर हे निमित्त आहे, हे मला पहिल्या दिवसापासून कळतंय. म्हणूनच दुरुस्त करायला घेतला. निमित्त संपलं की त्याला माझ्या तोंडावर खरं बोलावं लागेल. मला तेवढंच पाहिजे होतं.

जास्वंद फुटली का परत?

धाकू


बोरिवली पूर्व
१० ऑगस्ट

सहदेव,

तुझं उत्तर आलं नाही. हे उत्तराची वाट न बघता लिहितोय.

रविवारी हर्षदला दाखवायचं राहून गेलं, त्याला ऑफिसचं काम निघालं. बुधवारी संध्याकाळी दर्शना अंधेरीहून परत येत होती. आदल्या दिवसापासून पावसाने उसंत घेतली नव्हती. गोरेगावच्या पुलावर वायपर चढता चढता थरथरला आणि काचेच्या मधोमध थांबला. आपल्या बसची मोटर अशा वेळी जळेपर्यंत ओढत राहिली असती. या गाडीत मोटरवर जोर आला की कॉम्प्युटर ती बंद करून टाकतो. समोर नुसतं पाणी, मागे डंपर हॉर्न मारतोय. दर्शनाने खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं आणि तशीच कशीबशी गाडी कडेला घेतली. डंपर अगदी घासून गेला. आरसा मोडला. तिला काही झालं नाही. घरी आली तेव्हा नखशिखांत भिजलेली होती आणि बोलताना दात वाजत होते.

मी पार्किंगमध्ये जाऊन सांगाडा परत काढला. बुश फुगला होता. गोळा आत अडकून बसला होता, हाताने फिरेना. नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं, आणि मी तुला विचारलं होतं.

हर्षद खाली आला आणि ओरडायला लागला. मी कधी त्याला एवढं ओरडताना पाहिलं नव्हतं. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? पार्ट आलाय ना कधीचा, मीच बसवू नका म्हणून सांगितलंय त्यांना!" बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. दर्शनाने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी पुलावर मरत होते ते तुमच्या दोघांच्या न बोलण्यापायी? वाट लागली होती माझी. वर चला आणि काय ते एकदा बोलून घ्या."

वर गेलो. बोललो. हर्षद म्हणाला, "बाबा, तुम्ही गाडी चालवायची नाही. कधीच नाही." त्याला रडू येत होतं. मी म्हटलं, हे मे महिन्यात सांगितलं असतंस तर? तो म्हणाला, "तुम्हाला कोण सांगणार?" कार्ड माझ्या खिशात होतं ते काढून दर्शनाला दिलं.

आता तुला सांगायचं राहिलेलं सांगतो, कारण खोटं मीही बोललो आहे. घेरी उन्हाची नव्हती. जूनमध्ये परत आली, घरातच, बाथरूमच्या दारात. शुद्धीवर आलो तेव्हा दर्शना डोकं धरून बसली होती. हृदयाचे ठोके मध्येच मंदावतात असं डॉक्टर म्हणतात, छातीत यंत्र बसवायला सांगतात. मी मोटरवाला. जन्मभर दुसऱ्यांच्या मोटरी दुरुस्त केल्या. माझ्यातच कोणी बॅटरीवरचं यंत्र बसवणार हे मला पचेना, म्हणून विषय टाळत राहिलो. तुला लिहिलं नाही, कारण तुझ्या पत्रात मी अजून गाडी चालवत होतो.

कंपनीचा सांगाडा शुक्रवारी बसला. चांगला चालतो. माझा बुश खिडकीत पडलाय.

हर्षदवर माझा राग नाही. पोरगा आहे, बापाला भिऊन खोटं बोलला. पण तू कामात खोटं बोललास. आपण भांडलो, युनियनवरून वर्षभर बोललो नाही, तेव्हासुद्धा टेबलावर एकमेकांना चुकीचं माप दिलं नाही. मला तुझा खूप राग आलाय सहदेव, आणि वाईटही वाटतंय. आता तुझ्या पत्रात पाऊस चांगला आहे असं लिहिलेलं असलं तरी मला शंका येणार.

गणपतीला यायचं की नाही ते ठरवलेलं नाही. एवढंच सांग. बुश आहे हे तुला कळलं होतं का?

धाकू


कणकवली
१६ ऑगस्ट

धाकू,

कळलं होतं. 'एक सैल, एक घट्ट' हे तुझं पहिलं वाक्य वाचलं तेव्हाच कळलं होतं. गिअर धड होता.

तुझं ते पत्र आलं त्या दिवशी मी उत्तरही लिहायला घेतलं होतं. ढिलाईचं सगळं लिहिलं, पाकिटावर पत्ता घातला. संध्याकाळी हर्षदचा फोन आला. सुलक्षणा फोन कानाला लावून ऐकत होती आणि माझ्यासाठी पाटीवर लिहीत होती. 'धाकूकाकांना दोनदा घेरी.' ते पुसून, 'डॉक्टर गाडी नको म्हणतात.' ते पुसून, 'कोणाचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.' ती पाटी घेऊन मी पडवीत बसून राहिलो. सकाळी पाकीट चुलीत घातलं आणि दुसरं पत्र लिहिलं.

सरळ लिहिता आलं असतं. प्रयत्न केला. 'धाकू, गाडी चालवू नकोस' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. वाटलं, तू म्हणशील, हा अंगणात बसून मला शिकवतो. वायपरवर ढकलणं सोपं गेलं. हर्षदने तेच केलं आणि मीही तेच केलं. फरक एवढाच की वायपरचं त्याला काही कळत नाही आणि मला कळतं. म्हणून माझी चूक मोठी आहे. तू रागावलास ते बरोबर आहे.

नायलॉनची कांडी आधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायची. फुगायची तेवढी फुगू द्यायची. मग पुसून भोक पाडायचं, आणि गोळा अंगठ्याने दाबला की आत जाऊन सहज फिरला पाहिजे. बस, एवढंच आहे ते. कागदावर मावणारी गोष्ट मी लिहिली नाही आणि तुझी सून पुलावर अडकली. तिला वेगळं पत्र लिहिलंय, याच पाकिटात आहे. ते तिलाच वाचायला दे.

आता त्या वेळी लिहायचं राहिलं ते लिहितो. छातीत यंत्र बसवून घे. गाडी चालवू नकोस, या वर्षी नको आणि पुढेही नको. हर्षद चालवेल, दर्शना मागे बसेल, तू त्याच्या शेजारी बसून ये आणि वाटेत त्याला छळ. आलास तर अंगणात उभा राहून मला काय बोलायचं ते बोल, मी ओठ बघून समजून घेईन आणि उलट काही बोलणार नाही. नाही आलास तर यंत्र बसवल्याचं तेवढं कळव.

पाटीवर घेरीचं वाचलं आणि मी घाबरलो, धाकू. तू गेलास तर मी काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी गिअर लिहिलं.

सहदेव